पैसा चालतो, माणूस का चालत नाही?

वडोदरा शहरास आपली जुनी माणसे अजून बडोदेच म्हणतात. त्या बडोद्यात राजमहालाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खंडेराव मार्केट नावाची एक प्रशस्त इमारत उभी आहे. तिचे घुमट आणि कमानी पाहून परक्या माणसास तो एखादा राजवाडाच वाटावा. परंतु ती बांधली गेली बाजारासाठी. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यकारभारास पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने १९०६ च्या सुमारास त्यांनी ही वास्तू उभारून नगरपालिकेच्या स्वाधीन केली आणि पूर्वीचे राजे खंडेराव यांचे नाव तिला दिले. पुढल्या भागात नगराचा कारभार आणि मागे भाजी, फळे व फुले यांचा बाजार, अशी तेथील मांडणी आहे. एखाद्या राजाने आपला उत्सव साजरा करावयाचा आणि त्याची आठवण म्हणून कोबी-वांग्यांसाठी असे मंदिर बांधावयाचे, ही कल्पनाच आम्हांस फार आवडते. सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले होते. भाजीची किंमत त्यांना ठाऊक असणारच.

वसईच्या वाडीतून पहाटे भाजीची टोपली घेऊन बाजार गाठणाऱ्या आपल्या आयाबायांस एक गोष्ट सांगावयास नको. बाजारात पैशाला जात विचारीत नाहीत. मेथीची जुडी कोणी पिकविली, कोणी बांधली, कोणाच्या डोक्यावरून आली, याची चौकशी गिऱ्हाईक करीत नाही. विकणाराही हातावर पडलेले नाणे उलटेपालटे करून पाहतो ते खरे की खोटे एवढ्यापुरतेच. मग त्याच नाण्याचा धनी शेजारच्या बाकावर टेकला, तेथल्या रांजणातील पाणी प्याला, की सगळे बिघडते ते का?

आमच्या बहिणीचा संसार बडोद्यास आहे. मागे तिच्याकडे गेलो असता तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा आम्हांस खंडेराव मार्केट दाखवावयास घेऊन गेला. फुलांच्या गाळ्यांवरून आम्ही पुढे आलो. नगरपालिकेच्या दारी नेहमी मोर्चे यावयाचे, घोषणा व्हावयाच्या, असे बोलणे निघाले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, घोषणा देऊन आणि रस्त्यात बसून कधी कोणाला काही मिळाले आहे का? मार खाऊन हात जोडणाऱ्याला जग भेकडच म्हणणार.” प्रश्न तरुणास शोभणारा होता. आम्ही त्यास तेथे थोडक्यात काही सांगितले. परंतु एवढ्या मोठ्या गोष्टीचे उत्तर भाजीच्या पिशव्या हातात धरून देता येत नाही. म्हणून ते सविस्तर येथे लिहीत आहोत. त्याचा आरंभ त्याच शहरात होतो.

सयाजीराव हे आपल्या काळातील सर्व संस्थानिकांत सुधारक गणले गेले, आणि ते यथार्थच आहे. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी १८८२-८३ पासून शाळा काढल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्यास लागू केला. म्हणजे बाजाराची ही इमारत आणि सक्तीची शाळा, ही दोन्ही एकाच काळची. भीमराव आंबेडकर नावाच्या एका होतकरू महार विद्यार्थ्यास त्यांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, असा करार होता.

१९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर त्या करारानुसार बडोद्यास आले. अमेरिकेत व इंग्लंडात मिळून जवळजवळ चार वर्षे राहिलेला, एम.ए. झालेला हा माणूस. खुद्द महाराजांनी बोलाविलेला. आणि त्याला शहरात राहावयास एक खोली मिळेना! हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नाही. शेवटी ते एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी गृहस्थ दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले.

यापुढचा प्रसंग आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविला आहे. तो आपल्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावा, कारण तो आपल्या घरात शिरणारा आहे. शहरात त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. प्रथम ते हिंदू मित्राकडे गेले. तुम्हांला घरात घेतले तर माझे नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. या मित्राने पूर्वी एकदा त्यांना आपल्याकडे राहावयास बोलाविलेही होते. आता तो म्हणाला, माझी पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे उत्तर किती मुत्सद्दीपणाचे होते, ते आंबेडकरांना मागाहून कळले. पतिपत्नी मूळची ब्राह्मण घराण्यातील. धर्मांतरानंतर पतीचे विचार उदार झाले होते, पण पत्नीचे आचार जुनेच राहिले होते.

आम्ही त्या बाईंस एकट्या दोष देण्यास तयार नाही. आमच्या लहानपणी गावोगावच्या ख्रिस्ती घरांतही गडीमाणसांचा चहाचा पेला ओटीवरच्या कोनाड्यात निराळा ठेवलेला आम्ही पाहिला आहे. तो पेला तेथे कोणी ठेविला, असे विचारले असते तर कोणालाच सांगता आले नसते. तो होता, एवढेच.

मुंबईची गाडी रात्री नऊला सुटत होती. तोवरचे चार-पाच तास आंबेडकरांनी कमाटी बागेत काढले. महाराजांनीच प्रजेसाठी केलेली ही बाग. तेथे एका झाडाखाली बसलेल्या त्या विद्वानाच्या डोळ्यांना त्या दिवशी धारा लागल्या. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे हजारो लोक येतात.

राजा चांगला होता. कायदा चांगला होता. शाळा उघडली होती, पैसाही दिला होता. तरी घराचे दार उघडले नाही. वरून कितीही चांगला हुकूम निघाला, तरी ज्यांच्यावर अन्याय होतो तीच माणसे जोवर उठून उभी राहत नाहीत, तोवर तो हुकूम कागदावर राहतो. ही गोष्ट पुढे दहा वर्षांनी महाडास अधिक स्पष्ट झाली.

सार्वजनिक पैशाने बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडला आणि तो संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले चवदार तळे त्याप्रमाणे खुले केले. खुले केले म्हणजे वहीत तसे लिहिले. प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्यास लागली नाही. त्या तळ्यावर इतर धर्मांची माणसे येत, गुरेढोरेही पाणी पीत. २० मार्च १९२७ रोजी परिषदेस जमलेले लोक रांगेने शांतपणे तळ्यावर गेले. आंबेडकर पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. मागोमाग सारे प्याले. झाले एवढेच. कोणावर दगड नाही, कोणास शिवी नाही.

यानंतर गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग लाठ्या घेऊन जमाव धावला, जेवत बसलेल्या प्रतिनिधींचे अन्न मातीत मिळविले, माणसांना झोडपले. परिषदेस आलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले धट्टेकट्टे जवानही होते. त्यांनी हात उगारला असता तर महाडात त्या रात्री रक्ताचा सडा पडला असता. आंबेडकरांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले. आमच्या भाच्याने ज्यास भेकडपणा म्हटले तो हाच काय? महायुद्ध पाहिलेल्या शिपायाने, अंगात बळ असताना, समोरच्याची काठी सोसून हात खाली ठेवणे, हे काम तो शिपाईच जाणे.

गावकऱ्यांनी पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तो मनाई-हुकुमामुळे थांबवावा लागला. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. मात्र कोर्टाचा हुकूम मोडावयाचा नाही असे ठरवून लोक तळ्याकाठून परत गेले. मग खटला चालला. तो चालला, चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पहिली ओंजळ घेतल्यास दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस उरले होते.

सत्याग्रहास नेहमीच यश येते, असेही नव्हे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, वर्षानुवर्षे चालला, आणि दार काही उघडले नाही. आंबेडकरांनी तो थांबविला आणि १९३५ मध्ये येवल्यास त्या धर्मातूनच बाहेर पडण्याचा निर्धार जाहीर केला. शांततेचा मार्ग धरला की समोरच्याचे हृदय विरघळतेच, असे जे सांगितले जाते, त्यावर आमचा फारसा विश्वास नाही. हृदय विरघळण्याची वाट पाहत बसणाऱ्यास फार दिवस बसावे लागते.

आता अमेरिकेकडे वळू. आंबेडकर ज्या देशात विद्यार्थी म्हणून अस्पृश्यता विसरले, त्याच देशाच्या दक्षिण भागात त्या वेळी कृष्णवर्णीयांची तीच गत होती. गाडीत त्यांचे बाक वेगळे, शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. हे साम्य दोन्हीकडच्या विचारवंतांनी ओळखले होते. १९४६ मध्ये आंबेडकरांनी तिकडचे थोर कृष्णवर्णीय विद्वान डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. त्याही आधी, १९३६ च्या फेब्रुवारीत, हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक पत्नीसह बारडोलीस महात्मा गांधींना भेटले होते. गांधींनी त्यांना येशूच्या क्रूसमरणावरील त्यांचे एक भक्तिगीत गावयास सांगितले. त्यांच्यातील त्या गुलामांच्या वंशजांचे ते गाणे गुजरातेतील त्या छावणीत घुमले. अहिंसेचा संदेश जगाला तुमच्याच लोकांकडून पोहोचेल, अशा अर्थाचे उद्गार गांधींनी त्या प्रसंगी काढले. त्याच वर्षाच्या अखेरीस बेंजामिन मेज हे वर्ध्यास आले. हेच मेज पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू झाले.

पण आम्हांस सर्वांत जवळचे वाटतात ते जेम्स लॉसन, कारण ते आपल्या नागपूरला राहून गेले. मेथडिस्ट पंथाच्या धर्मोपदेशकाचे हे पुत्र. लहानपणी एका गोऱ्या पोराने त्यांना वर्णावरून शिवी दिली. त्यांनी त्याच्या मुस्कटात ठेवून दिली. घरी येऊन आईस फुशारकीने सांगितले. आई पाठमोरी चुलीशी काम करीत होती. ती तशीच म्हणाली, “त्याने काय साधले, जिमी?” लॉसन वृद्धपणीही हा प्रश्न सांगत असत. पुढे सक्तीची लष्करभरती नाकारल्याबद्दल ते तेरा महिने तुरुंगात राहिले. सुटल्यावर १९५३ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तेथे मुलांना खेळ शिकवावयाचे आणि सत्याग्रहाचा अभ्यास करावयाचा, असा तीन वर्षांचा त्यांचा क्रम होता. १९५५ च्या डिसेंबरात ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्यांनी एक बातमी वाचली. अमेरिकेच्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला होता. त्या वेळी त्यांना आनंदाने ओरडावेसे वाटले!

माँटगोमेरीची हकिकत अनेकांस ठाऊक असेल. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गोऱ्या उतारूसाठी बसमधील आपली जागा सोडली नाही, म्हणून त्यांना अटक झाली. ५ तारखेपासून कृष्णवर्णीयांनी बसमध्ये पाय ठेवणे बंद केले. ते पायी गेले, एकमेकांच्या मोटारीतून गेले. घरकाम करणाऱ्या प्रौढ बाया मैलच्या मैल चालल्या. हे ३८१ दिवस चालले. २६ वर्षांचे तरुण पाळक मार्टिन ल्यूथर किंग त्यांचे पुढारी होते. त्यांच्या घरावर बाँब पडला, तेव्हा बंदुका घेऊन जमलेल्या आपल्या माणसांना त्यांनी अंगणातूनच परत पाठविले. बसने जाणारे बहुसंख्य उतारू कृष्णवर्णीयच होते, त्यामुळे रिकाम्या गाड्या धावू लागल्या आणि कंपनीचा गल्ला आटला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९५६ रोजी वेगळ्या बाकांचा नियम रद्द ठरविला.

येथे बाजाराची ती गोष्ट पुन्हा डोळ्यांपुढे येते. ज्याचे नाणे चालते त्याने नाणे खिशात ठेविले, तर बाजारास त्याची आठवण होते.

लॉसन १९५६ मध्ये स्वदेशी परतले आणि पुढे नॅशव्हिल शहरी गेले. तेथे मोठमोठी दुकाने होती. त्या दुकानांत कृष्णवर्णीय बाई लुगडे-कापड, भांडीकुंडी हवी तेवढी घेऊ शके, तिचे पैसे मोजून घेतले जात. पण त्याच दुकानात खावयाप्यावयाचे जे काउंटर असे, त्यापुढच्या स्टुलावर बसून तिला कपभर कॉफी मिळत नसे. पोर रडू लागले तर त्याला उभ्यानेच गप्प करावयाचे. लॉसन यांनी १९५९ मध्ये एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. या वर्गांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सत्याग्रह ही काही भावनेच्या भरात उडी मारण्याची गोष्ट नव्हे, हे तेथे दिसते.

निम्मी मुले गोऱ्या गुंडांचे सोंग घेत आणि निम्मी सत्याग्रही होत. गुंड झालेली मुले खऱ्या शिव्या देत, स्टुलावरून खाली ओढीत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडीत. सत्याग्रह्यांनी पाठ ताठ ठेवून काउंटरकडे तोंड करून बसावयाचे. मार पडू लागला तर डोके कसे झाकावे, शेजारणीस मार बसत असेल तर हात न उगारता मध्ये कसे पडावे, हेही शिकविले जाई. ज्याला आपला राग आवरणार नाही असे वाटे त्याने येऊच नये, दुसरे काम करावे. शेवटी जो नियमांचा कागद वाटला गेला, त्यात येशू ख्रिस्त, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवा, असे लिहिलेले होते. आपल्याकडे पेरणीपूर्वी जशी जमीन महिनोन्महिने तयार करतात, तशीच ही तयारी होती.

त्या वर्गातील दोघांची ओळख आपल्या वाचकांस गोड वाटेल. जॉन लुइस हा खेड्यातल्या गरीब कुळाचा मुलगा. लहानपणी घरच्या कोंबड्यांना जमवून प्रवचन देत असे! आणि डायन नॅश ही शिकागोच्या कॅथलिक घरातील मुलगी. शाळेत धर्मभगिनींच्या हाताखाली वाढलेली. आपणही धर्मभगिनी व्हावे, असे तिला एके काळी वाटले होते.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभराहून अधिक विद्यार्थी चांगले कपडे करून, पुस्तके घेऊन दुकानांत गेले, किरकोळ वस्तू विकत घेतल्या आणि मग काउंटरपुढे बसले. त्यांना कोणी काही दिले नाही. ते अभ्यास करीत बसले. पुन्हा आले, पुन्हा बसले. २७ फेब्रुवारीला गोऱ्या टोळक्याने त्यांना स्टुलांवरून ओढून मारले. पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना. एकांना पकडले की दुसरे त्यांच्या जागी येऊन बसत. दंड भरून सुटण्याचे अनेकांनी नाकारले. लॉसन ज्या विद्यापीठात शिकत होते त्याने त्यांना काढून टाकले. त्याच सुमारास ईस्टरची खरेदी आली. नवे कपडे, नवे बूट घेण्याचा तो तिकडील मोठा हंगाम. कृष्णवर्णीय कुटुंबांनी त्या वर्षी त्या दुकानांतून काहीही घेतले नाही. जुन्याच कपड्यांत त्यांनी ईस्टर साजरा केला. दुकानदारांना जे धर्मोपदेशाने कळले नव्हते, ते हिशेबाच्या वहीने कळले.

१९ एप्रिल रोजी पहाटे विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर बाँब पडला. ते आणि त्यांची पत्नी सुदैवाने वाचली. त्याच दिवशी हजारो माणसे मुकाट्याने चालत नगरपालिकेच्या इमारतीकडे निघाली. घोषणा नाही, गाणे नाही, केवळ पायांचा आवाज. पायऱ्यांवर नगराध्यक्ष बेन वेस्ट सामोरे आले. एकवीस वर्षांच्या डायन नॅशने त्यांना सर्वांदेखत विचारले की, केवळ वर्णावरून माणसाला असे वागविणे योग्य, असे आपणांस वाटते काय? क्षणभर थांबून त्यांनी नाही म्हटले. मग काउंटर सर्वांस खुले व्हावेत काय? होय, व्हावेत, असे ते म्हणाले. १० मे १९६० पासून सहा दुकानांनी कृष्णवर्णीयांना बसवून वाढण्यास आरंभ केला.

नगराध्यक्षांचे हृदय त्या पायऱ्यांवर पालटले, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. त्यांचे मन मुळात दगडाचे नसावे. पण मनातले न्यायाचे उत्तर ओठांवर यावयास बाहेर हजारो शांत माणसे उभी असावी लागतात आणि बाजारात दुकाने रिकामी असावी लागतात. तेव्हाच भल्या माणसाला भले बोलण्याची सवड मिळते. बडोद्याच्या त्या ख्रिस्ती मित्राच्या दाराशी तसे कोणी उभे नव्हते. तेथे केवळ एक थकलेला माणूस होता.

पुढील घटना आपण भराभर पाहू. १९५९ मध्ये किंग स्वतः महिनाभर भारतात येऊन गेले. मुंबईत ते मणिभवनात उतरले होते. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत, दलित मुलांपुढे, मुख्याध्यापकांनी ‘अमेरिकेतील आपल्यासारखेच एक अस्पृश्य’ अशी त्यांची ओळख करून दिली. प्रथम त्यांना ते लागले. मग विचार करता पटले, असे त्यांनी १९६५ मध्ये आपल्या प्रवचनात सांगितले. १९६३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुले रस्त्यावर आली. त्यांच्यावर पोलिसांनी कुत्रे सोडले आणि बंबाच्या पाण्याचा मारा केला. ती चित्रे जगभर गेली. २ जुलै १९६४ रोजी हॉटेले, नाट्यगृहे आदी सार्वजनिक जागा सर्वांस खुल्या करणारा कायदा झाला. १९६५ च्या मार्चमध्ये सेल्मा गावी मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर लाठ्या चालल्या, त्यात जॉन लुइसचे डोके फुटले. तीन दिवसांनी आपल्या कॅथलिक धर्मभगिनी झगा व शिरोवस्त्र ल्यालेल्या स्थितीत त्याच गावी निदर्शनांत उतरल्या. तेथील धर्मप्रांताच्या मुख्य धर्मगुरूंस मात्र हे रुचले नव्हते. ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला.

मेम्फिसची गोष्ट मात्र इतक्या घाईने सांगून चालणार नाही. तेथे नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत पावसापासून आडोसा घेतलेले दोन कामगार १ फेब्रुवारी १९६८ रोजी यंत्रात चिरडून मेले. सुमारे तेराशे सफाई कामगारांनी काम बंद केले. ते गळ्यात एक पाटी अडकवून रांगेने चालत. पाटीवर पगाराचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’, एवढेच त्यावर लिहिलेले असे. या वेळी लॉसन त्याच शहरात पाळक होते. त्यांनी किंग यांस बोलाविले. २८ मार्चच्या मोर्चात मागच्या काही पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या, पोलीस तुटून पडले आणि एक सोळा वर्षांचा मुलगा मारला गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत कामगारांच्या पगाराची वार्ता नव्हती, फुटलेल्या काचांची होती. शांत मोर्चा पुन्हा काढून दाखविण्यासाठी किंग परत आले आणि ४ एप्रिल रोजी गोळीस बळी पडले. चार दिवसांनी त्यांच्या पत्नी कोरेटा मुलांना घेऊन त्या मोर्चाच्या अग्रभागी चालल्या. एक काचही फुटली नाही. १६ एप्रिलला नगरपालिकेने कामगारांची संघटना मान्य केली आणि वेतन वाढविले. लॉसन २०२४ च्या जूनमध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी देवाघरी गेले.

अशा रीतीने तळे खुले झाले, बस खुली झाली, काउंटर खुले झाले. जेथे पैसा चालतो आणि जेथे कायदा चालतो, त्या जागा सत्याग्रहाने उघडता आल्या. घराचे आणि देवळाचे दार हे त्याहून जड. रविवारी सकाळी अकरा वाजता, उपासनेच्या वेळी, अमेरिकेत गोरे व काळे जितके वेगळे असतात तितके आठवड्यात कधीच नसतात, असे खुद्द किंग म्हणत. आपल्याकडेही तामिळनाडूत तिरुचिरापल्ली येथील ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या थडग्यांमध्ये आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत उभी असल्याचे देशभर गाजले. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. चर्चमध्येही जातिभेद आहे, हे त्यात स्वच्छ शब्दांत मान्य केले आहे.

हे सारे ऐकून भाच्याने आम्हांस एकच विचारले. ती बाई दुसऱ्या दिवशी बडोद्यास आली असेल, तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला विचारले असेल काय? आंबेडकरांनी त्याविषयी काही लिहिलेले नाही. त्यांनी वाट पाहिली नाही. त्या रात्री नऊच्या गाडीने ते मुंबईस निघून गेले होते.